निर्णायक लढाई आणि निवेदकाचा पूर्णविराम

युद्धेतिहासाचा षोक असलेली मराठी माणसे एकत्र जमली की गप्पांना लवकरच एक ठरलेले वळण मिळते. आवडता कालखंड कोणता, आवडता सेनापती कोण आणि निर्णायक लढाई कोणती? उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. कालखंड अठरावे शतक. शिवकाल हा त्यांच्या लेखी आवडीनिवडीच्या पलीकडचा, श्रद्धेचा विषय. सेनापती पहिला बाजीराव. लढाई मात्र पानिपत. बाजीरावावर जीव टाकणारा माणूस लढाई निवडायची वेळ आली की पालखेड बाजूला ठेवून पानिपताकडे वळतो, आणि त्यातली विसंगती त्याला जराही खुपत नाही. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामुल्मुल्काला मोठी झुंज न घेता, केवळ हालचालींच्या बळावर कोंडीत पकडले. दुसऱ्या महायुद्धातले सेनानी मॉन्टगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासाच्या ग्रंथात या मोहिमेची वाखाणणी केली आणि तेव्हापासून हे प्रशस्तिपत्र अशा प्रत्येक बैठकीत एकदा तरी खिशातून बाहेर निघते. तरीही पालखेडचे कौतुक होते, आणि जीव जडतो तो पानिपतावर.

ही निवड युद्धशास्त्राने केलेली नाही, ती साहित्याने केलेली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. म्हणूनच तिची चिकित्सा इतिहासाच्या प्राध्यापकांवर सोडून न देता साहित्याच्या अभ्यासकांनी करायला हवी. पालखेडला कथानक आहे, पण शोकान्त नाही. पानिपताला सर्व काही आहे: दूरचा प्रवास, दुरावलेले मित्र, उपासमार, कोवळ्या विश्वासरावाचा मृत्यू, भाऊच्या अंताविषयीची संदिग्धता आणि त्या संदिग्धतेतून निघालेले तोतये. बखरकारांना याहून अधिक काय हवे होते? ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि रघुनाथ यादवाची पानिपताची बखर यांनी या सामग्रीला मराठी गद्यातला एक घाट दिला. पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ च्या इंग्रजी ग्रंथात आणि नंतर मराठीत त्या घाटाशी तर्काने झुंज घेतली. विश्वास पाटलांच्या १९८८ च्या कादंबरीने तोच घाट नव्या वाचकापर्यंत नेला. भाषेनेही आपला कौल दिला. एखाद्याचे ‘पानिपत होते’, आणि ‘विश्वास पानिपतात जातो’. पालखेड झाले, असे कोणी म्हणत नाही. उदगीर झाले, असे तर नाहीच नाही.

उदगीरचे नाव मुद्दाम घेतले. नांदेड-लातूरच्या पट्ट्यात, उमरीसारख्या तालुक्याच्या गावी राहून ही मराठी युद्धकथा वाचणाऱ्याला एक चमत्कारिक गोष्ट जाणवत राहते. मराठी माणसाच्या या सगळ्या आवडत्या अठराव्या शतकात निजामाशी झालेल्या मोठ्या लढायांतल्या बहुतेक याच गोदावरी-मांजरेच्या मुलखात किंवा त्याच्या उंबऱ्यावर लढल्या गेल्या. पालखेड वैजापूर तालुक्यात, राक्षसभुवन गेवराईजवळ गोदाकाठी, उदगीर लातूर जिल्ह्यात, आणि खर्डा बालाघाटाच्या कडेला जामखेड तालुक्यात. मात्र या कथांत आमचा मुलूख येतो तो जमीन म्हणून. माणसे येतात ती बाहेरून. लढतात, तह करतात आणि जातात.

उदगीरची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती सहसा एका वाक्यात उरकली जाते. १७५९ च्या अखेरीस कवीजंगाला फितवून अहमदनगरचा किल्ला पेशव्यांनी घेतला आणि निजामाशी युद्ध जुंपले. सलाबतजंग आणि निजामअली यांच्या फौजा उदगीरकडून धारूरच्या दिशेने निघाल्या होत्या; तिथे कुमक मिळाली की त्यांचे बळ वाढणार होते. त्यांना धारूर गाठू न देणे हा सदाशिवराव भाऊचा सगळा डाव. निजामाचे सैन्य तोफखान्याच्या आधाराने, फळी न मोडता पुढे सरकत होते आणि मराठी घोडदळ त्याच्या भोवती फिरत त्याचा दाणागोटा तोडत होते. भाऊच्या बाजूला तोवर इब्राहिमखान गारदी आलेला होता. बुसीच्या कवायती शिस्तीत घडलेला हा माणूस काही काळापूर्वी निजामाकडेच चाकरीला होता. अखेर ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाच्या परिसरात निर्णायक हल्ला झाला आणि निजामाला तहाला यावे लागले. म्हणजे ज्या लढाईला आपण उदगीरची लढाई म्हणतो तिचा निकाल लागला औशाजवळ. तहात दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी नावे आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख पेशव्यांना मिळाला. एका तहात इतके पदरात पडल्याची उदाहरणे मराठी राज्याच्या इतिहासात फार नाहीत.

आणि तरीही उदगीर कोणाची आवडती लढाई नाही. कारण उघड आहे: निवेदक तिथे थांबत नाही. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडल्याची वार्ता दक्षिणेत आली. मार्चमध्ये पटदूरला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला, पेशवा आणि भाऊ यांची मसलत झाली आणि उत्तरेची मोहीम उदगीरच्या विजेत्याकडे सोपवली गेली. पानिपताची वाट पुण्याच्या शनिवारवाड्यातून निघाली असे सर्वसाधारण वाचकाच्या मनात असते. ती परतुरातून निघाली. त्यामुळे कथेत उदगीरचे काम एवढेच उरते, की नायकाला नायक म्हणून उभे करायचे आणि त्याच्या आत्मविश्वासाला एक कारण पुरवायचे. २०१९ च्या आशुतोष गोवारीकर यांच्या ‘पानिपत’ चित्रपटातही उदगीर येते ते अगदी आरंभी, ओळखीपुरते. चित्रपटाला दोष देण्यात अर्थ नाही. बखरींपासून चालत आलेली जागाच तिला ती दिलेली आहे.

आता पूर्णविराम कुठे पडतो त्यावर सगळे कसे फिरते ते पाहा. फेब्रुवारी १७६० ला कथा संपवली तर उदगीर निर्णायक ठरते. जानेवारी १७६१ पर्यंत नेली तर ती प्रस्तावना ठरते. आणखी एक वर्ष पुढे गेलो, तर १७६१ च्या अखेरीस निजामअली पुण्याच्या रोखाने चालून आला, वाटेत टोक्याची देवळे उद्ध्वस्त झाली आणि उदगीरला मिळवलेल्या मुलखातला काही भाग पेशव्यांनी परत दिला; मग उदगीर निरर्थक ठरते. त्याच्याही पुढे, ऑगस्ट १७६३ मध्ये राक्षसभुवनाला थांबलो तर पुन्हा अर्थ बदलतो. लढाई तीच आहे, मेलेली माणसे तीच आहेत. ‘निर्णायक’ हे विशेषण रणांगणावर जन्माला येत नाही. निवेदक जिथे थांबतो तिथे ते जन्मते. कादंबरीचा शेवट कुठे करायचा हा प्रश्न ज्याने कधी गंभीरपणे विचारला आहे त्याला यात नवल वाटणार नाही, पण युद्धेतिहासाच्या चाहत्याला हे पटवणे कठीण जाते, असा अनुभव आहे. खर्ड्याचेही असेच. मार्च १७९५ मध्ये सगळे मराठी सरदार एका झेंड्याखाली आले, निजाम रात्रीच्या गोंधळात खर्ड्याच्या गढीत शिरला आणि पाण्यावाचून शरण आला. प्रत्यक्ष लढाई थोडी, धावपळ फार. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेला आणि वारशाच्या भांडणात खर्ड्याची कमाई विरघळली. खर्डा आवडणारे लोक कथा मार्चमध्येच संपवतात.

आणखी एक सोय या कथा करून घेतात, आणि ती अधिक गंभीर आहे. लढाईला दोन बाजू लागतात, म्हणून त्या नीटस केल्या जातात. राक्षसभुवनाची कथा घ्या. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’मुळे (१९६२) माधवराव मराठी वाचकाच्या घरचा माणूस झाला. त्यामुळे गोदावरीला आलेला पूर, निजामाची निम्मी फौज पलीकडे उतरलेली, आणि अलीकडे अडकलेल्या फौजेवर १८ वर्षांच्या पेशव्याने घातलेली झडप, हे चित्र मनात ठसलेले असते. पण अलीकडच्या तीरावर निजामाच्या बाजूने लढून मेला तो त्याचा दिवाण राजा विठ्ठल सुंदर होता, तोही मराठी मुलखातला ब्राह्मण. नागपूरकर जानोजी भोसले निजामाच्या छावणीत होता. विठ्ठल सुंदराने त्याला साताऱ्याच्या गादीचे आमिष दाखवले होते आणि ऐन वेळी तो बाजूला झाला. पालखेडला चंद्रसेन जाधव आणि रंभाजी निंबाळकर निजामाकडून होते. चंद्रसेनाची जहागीर भालकीला, म्हणजे उदगीरहून फार दूर नाही. ज्या इब्राहिमखानाच्या तोफांनी उदगीर जिंकले तो कालपर्यंत कोणाचा होता, हे वर आलेच आहे. या सगळ्यांना ‘फितूर’ या एका शब्दात बसवले की कथा सरळ होते. मराठवाड्यातल्या वतनदार घराण्यांच्या दृष्टीने मात्र त्या सत्तासंघर्षात दोन्हीकडे चाकरी शक्य होती आणि दोन्हीकडे ती केली गेली. त्यांची निष्ठा वतनाशी होती. ती आपल्याला आवडो वा न आवडो, ती समजून न घेता अठरावे शतक समजत नाही.

या संदर्भात आमच्या नांदेड जिल्ह्याच्या एका सेनानीची आठवण होते. तिचे नाव सेनापतींच्या कोणत्याच यादीत नसते. माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई, जिला रायबागन हा किताब मोगल दरबाराने दिला. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी कोंडली तेव्हा ती त्या फौजेबरोबर होती, आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिने खानाला दिला. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारता’त तिला बोलायला लावले आहे, शत्रुपक्षातल्या स्त्रीला इतकी विवेकी वाणी देणारा तो दरबारी कवी मनाने मोठा म्हणायचा. नंतरच्या आपल्या गद्याने तेवढेही केले नाही. उंबरखिंड ही गनिमी काव्याची आदर्श लढाई म्हणून चाहत्यांना प्रिय आहे. त्या दिवशी तिथे परिस्थिती सर्वांत आधी ओळखणारी व्यक्ती माहूरची होती, ही गोष्ट त्यांच्या कथेत तळटीप होऊन राहते.

भाषेचा मुद्दा वर अर्धवट सोडला होता. मराठीने पानिपताला वाक्प्रचार दिला, तसा आमच्या प्रदेशालाही दिला. ‘ही काय मोगलाई लागून गेली आहे?’ हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोलतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या बोलण्यात ‘मोगलाई’ म्हणजे निजामाचा मुलूख, म्हणजे मराठवाडा. ज्या जमिनीवर पेशव्यांनी आपले सर्वांत देखणे विजय मिळवले ती जमीन तहानंतरही बहुतांशी निजामाकडेच राहिली आणि विजेत्यांच्या भाषेत अंदाधुंदीचा पर्याय झाली. उदगीर, राक्षसभुवन, खर्डा हे विजय तिथल्या कुळाला, बलुतेदाराला काय घेऊन आले? दोन्ही फौजांची जनावरे उभ्या पिकात शिरली, दोन्ही बाजूंनी खंडणी वसूल झाली, आणि वर्षभराने वसुलीला येणारा अंमलदार बदलला किंवा बदललाही नाही. हे प्रश्न लढाईच्या नकाशात बसत नाहीत. नकाशावर बाण असतात, आणि बाणाखाली पीक दिसत नाही.

असईचा उल्लेख टाळता येत नाही, म्हणून थोडक्यात. जालना जिल्ह्यातले हे गाव इंग्रज युद्धेतिहासप्रेमींचे तीर्थस्थान आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन खेडी पाहून तिथे उतार असणारच असा अंदाज बांधला, नदी ओलांडली आणि शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला. त्या विजयासाठी त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा घायाळ झाली. बर्नार्ड कॉर्नवेलने यावर १९९८ मध्ये कादंबरी लिहिली. तिचे वाचक जगभर आहेत. शिंद्यांच्या तोफा शेवटपर्यंत हाताळत उभ्या राहिलेल्या गोलंदाजांना मात्र आपण पराभवामुळे सोडून दिले. पानिपतही पराभवच होता. पण पानिपताला नायक होता आणि असईच्या फळीचे नेतृत्व पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या भाडोत्री अधिकाऱ्याकडे होते. नायकावाचून पराभव मराठीला पेलत नाही.

हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल. पण याच सवयीने आपण आपल्याच आजी-आजोबांच्या काळाकडेही पाहतो, आणि तिथे तिची किंमत अधिक आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. ‘पाच दिवसांत संस्थान’ हे वाक्य युद्धेतिहासप्रेमींना फार आवडते. रणगाड्यांच्या तुकड्या कोणत्या वाटेने आल्या, हे त्यांना पाठ असते. पण निर्णय केवळ त्या पाच दिवसांत झाला का? जानेवारी १९४८ मध्ये आमच्या उमरीला हैदराबाद स्टेट बँकेची शाखा स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि ती रक्कम लढ्यासाठी संघटनेकडे सुपूर्द केली. रेल्वेकाठची ही छोटी बाजारपेठ, संस्थानच्या सीमेपलीकडे पैनगंगेच्या पार असलेला उमरखेडचा कॅम्प, रात्रीत सरहद्द ओलांडून येणारी माणसे, त्यांना भाकरी बांधून देणारी आणि रझाकारांच्या तपासाला तोंड देणारी खेडी: या लढ्याचा बराचसा भार असा उचलला गेला. अनंत भालेराव यांनी ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात हा लढा आतून लिहिला आहे. तो वाचला की नकाशावरचे पाच दिवस किती तोकडे आहेत ते कळते.

आणि पूर्णविरामाचा प्रश्न इथे सर्वांत अवघड होतो. १७ सप्टेंबरला कथा संपवली तर ती मुक्तीची निर्मळ कथा आहे. रझाकारांचे अत्याचार खरे होते, आणि त्यांतून सुटल्याचा आनंदही खरा होता. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा फडकतो तो उगाच नव्हे. पण पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत निरपराध मुसलमान मोठ्या संख्येने मारले गेले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सबंध संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर नांदेडचे नाव घेतले. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. गावागावांतल्या वृद्धांना मात्र अहवालाची गरज नव्हती. त्यांच्या बोलण्यात ‘पोलीस ॲक्शन’ हा पाच दिवसांचा प्रसंग नव्हता, तो कालगणनेचा आरंभबिंदू होता. कोण कधी जन्मले, कोणाचे घर कधी ओस पडले, हे त्यावरून सांगितले जाई. मराठी साहित्याने त्यातले किती टिपले?

नांदेडच्याच पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’ला लिहिलेल्या दीर्घ प्रस्तावनेत रोमहर्षक प्रसंगांच्या पलीकडे जाऊन शिवचरित्र पाहण्याचा आग्रह धरला. निलंग्याला जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी कागद मराठीत आणून समोरच्या छावणीत काय बोलले जात होते ते ऐकवले. दोघेही याच भागातले, हा मला योगायोग वाटत नाही. ज्यांच्या अंगणात दुसऱ्यांच्या लढाया झाल्या त्यांना दोन्ही छावण्यांतले आवाज ऐकण्याची सवय जडते. पण अभ्यासक्रमात काय दिसते? बखर वाङ्मयाच्या तासाला विद्यार्थी भाऊसाहेबांच्या बखरीची भाषाशैली, अलंकार, कारुण्य यांवर मुद्दे लिहून घेतात. त्याच बखरीत उदगीरला किती जागा आहे, निवेदक तिथून किती घाईने उत्तरेकडे निघतो, वाटेतली गावे त्याला कोणत्या नावांनी आठवतात, हे प्रश्न विचारले जात नाहीत.

एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले तेव्हा बाहेरगावचे अनेक रसिक किल्ला पाहून गेले. १७६० च्या लढाईचे नाव घेऊन तिथे आलेल्यांना ती जागा खरे तर किल्ल्यात सापडणार नव्हती. ती औशाच्या बाजूच्या उघड्या रानात आहे, आणि त्या काळ्या जमिनीत आज सोयाबीन आणि तूर असते.